बॅकअप कुठं ठेवलाय?

आमच्या क्लासमध्ये सगळ्यात जास्त जागा कशानं खाल्ली असेल, तर किश्श्यांनी. प्रश्नपत्रिका गेल्या, मार्क गेले, एका वर्षीच्या सगळ्या टॉपर पोरांचे फोटो गेले, पण किस्सा म्हणून एकही गेला नाही. कारण साधं आहे. प्रत्येक किश्श्याची एक कॉपी माझ्याकडं, एक खादरभाईंकडं, एक ज्योती मॅडमकडं. आणि तिन्ही कॉप्या एकमेकींशी अजिबात जुळत नाहीत! तेव्हा ही आपली माझी कॉपी समजून ऐका.

मी विलास. लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये कॉम्प्युटर सांभाळायचो. लातूरला तेव्हा क्लास इतके झाले होते की, कुणी खोली भाड्यानं बघायला आला तर घरमालक नाव विचारायच्या आधी विचारायचा, "फिजिक्स का केमिस्ट्री?"

आमचे मोठे सर फिजिक्सचे. क्लास त्यांचाच. त्यांचे भागीदार बिरादार सर केमिस्ट्रीचे, मूळचे उदगीरचे, आणि ते आमची नांदेडची शाखा बघायचे. खादरभाई ऑफिस सांभाळायचे आणि ज्योती मॅडम अॅडमिशनचा काउंटर. आणि ह्या सगळ्यांनी मिळून माझ्या डोक्यावर एकच काम ठेवलेलं होतं: क्लासचा डेटा जाता कामा नये.

डेटा म्हणजे मुख्यतः प्रश्न. सरांनी वर्षानुवर्षं काढलेले फिजिक्सचे प्रश्न. दुसऱ्यांच्या क्लासला इमारत असते, एसी असतो. आमच्याकडं प्रश्न होते!

*

मोठ्या सरांचा ऑनलाइनवर काडीचा विश्वास नव्हता. पण त्यांना हसायच्या आधी एक गोष्ट सांगतो.

सर भूकंपातल्या गावचे. भूकंप झाला तेव्हा ते लातूरला खोली करून शिकायला होते, म्हणून वाचले. घर गेलं, वडील गेले. सगळं आवरून परत कॉलेजला आले, तर एका खिडकीवरच्या साहेबानं त्यांना सांगितलं, "दहावीच्या मार्कमेमोची मूळ प्रत आणा."

सर म्हणाले, "मूळ प्रतीवर घर पडलंय साहेब."

साहेब म्हणाला, "मंग घर उचलल्यावर या."

त्या दिवसापासून सरांना कॉपीचा नाद लागला. लाइट बिलाच्या सुद्धा तीन कॉप्या. "विलास, कोणची बी गोष्ट तीन जागी पायजे," म्हणायचे. "आन तिन्ही जागा अशा पायजेत की जिथं आपल्याला चालत जाऊन हात लावता आला पायजे."

बिरादार सरांनी जेव्हा पहिल्यांदा क्लाउडचा विषय काढला, तेव्हा लातूरला नळाला पाणी येऊन इतके दिवस झाले होते की पोरांना तोटी कशाला असते ते सांगावं लागत होतं. बिरादार सरांनी बोर्डावर झकास ढग काढला. त्यातून खाली बाण सोडले.

मोठ्या सरांनी उठून त्या ढगावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ज्या ढगातनं लातूरला पाणी येईना, त्याच्यातनं माझे प्रश्न येतील का?"

"सर, हा ढग इथला नाही. परदेशात असतो."

"मंग तर झालंच," सर म्हणाले. "तिथं पाऊस पडतो म्हणं. सगळे भिजतील!"

*

सरांच्या तीन जागा म्हणजे एक हार्ड डिस्क ऑफिसात, एक सरांच्या घरी आणि तिसरी लातूरजवळच्या मुरुडला त्यांच्या मेव्हण्याकडं. मेव्हणे अडतीवाले. माल घेणं, साठवणं आणि भाव आला की मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, विकायला लावणं हा धंदा.

मी दर महिन्याला मुरुडला जायचो. मेव्हणे बाही वर सारून गव्हाच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घालायचे आणि हार्ड डिस्क बाहेर काढायचे. "गव्हात काही बिघडत न्हाई," म्हणायचे. "आम्ही बाळंतिणीच्या लाडवाचा डबा बी ह्याच्यातच ठेवतो."

एका महिन्यात गेलो, तर मेव्हण्यांचा हात कोठीत गेला आणि रिकामाच आला. दुसरा हात घातला. तोही रिकामा. मग ते आत तोंड घालून बघायला लागले. झालं असं होतं की गव्हाची कोठी उंदरानं फोडली, म्हणून घरच्यांनी डिस्क काढून तुरीच्या पोत्यात ठेवली. आणि तुरीला भाव आला!

आम्ही दोघं मोटारसायकलवर थेट मोंढ्यात. व्यापाऱ्याला विचारलं, तर तो आमच्यावरच घसरला. "तुम्हीच का ते? लाजा वाटत न्हाई का? पोत्यात काळा दगड घालून पाठवता?"

डिस्क त्याच्या काट्याशेजारी पडली होती. त्यावर त्यानं चहाचा कप ठेवलेला होता.

मेव्हण्यांनी मालाच्या हिशोबाची पट्टी बघितली. मोंढ्यात मालात घाण निघाली की वजनातून कपात करतात, तशी इथंही केलेली होती. पुढं कारण लिहिलं होतं: "खडा".

मोठ्या सरांच्या आयुष्यभराच्या फिजिक्सची बाजारानं केलेली ही एकमेव नोंद!

*

मग मुरुड बंद झालं आणि सरांनी खादरभाईंना मजबूत तिजोरी बघायला सांगितली. खादरभाई हौसेनं हैदराबादच्या जुन्या बाजारातून एक निजामाच्या काळातली तिजोरी घेऊन आले. ती वर चढवायला जेवढे हमाल लागले, तेवढे तर आमच्याकडं शिक्षक नव्हते.

खादरभाई म्हणाले, "अब बम भी गिरा तो कुच नै होता सर!"

तिजोरीत ऑफिसातली आणि मुरुडची अशा दोन्ही डिस्का ठेवल्या. दार लावलं. तिजोरीसोबत पेढेही आले होते, ते आम्ही खाल्ले. आठवड्यानं मी डिस्क मागितली.

खादरभाईंनी खिसे चाचपले. ड्रॉवर बघितला. मग एकदम चेहरा खुलला त्यांचा.

"चावी तो महफूज है विलासभाई! गुम नै होना बोलके मैंच अंदर रख दिया!"

"आणि दार?"

"दार तो खुद लग जाता. अच्छा माल है!"

कुलूपवाला नांदेडहून यायला चार दिवस लागले. बिरादार सर मात्र फोनवर खूश होते. म्हणाले, "काही म्हणा, आपला डेटा इतका सुरक्षित कधीच नव्हता."

*

ज्योती मॅडमचा बॅकअप. हा किस्सा मॅडमसमोर सांगायची सोय नाही, पण त्या आता पुण्याला लेकीकडं असतात.

मॅडम दर शनिवारी काउंटरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यायच्या. पेन ड्राइव्हला हळद-कुंकू, वर एक फूल. आणि स्पीड तर असा की मी 'मॅडम, बॅकअप' म्हणेपर्यंत त्या 'झाला' म्हणायच्या. मला आपलं कौतुक वाटायचं. मला तेच काम करायला दुपार लागायची.

मग एक दिवस काउंटरचा कॉम्प्युटर कायमचा बसला. मी अगदी निर्धास्त. पेन ड्राइव्ह लावला, उघडला. सगळ्या फायलींची नावं जिथल्या तिथं. उघडायला गेलो, तर एकही उघडेना. नीट बघितलं, तर प्रत्येक फायलीच्या कोपऱ्यात एक छोटासा बाण.

मॅडम वर्षभर शॉर्टकट कॉपी करत होत्या! म्हणजे घर सोडून नुसती दारावरची पाटी जपून ठेवायची, तसं.

मी म्हणालो, "मॅडम, ह्याच्यात काहीच न्हाई. नुस्ते बाण हायत."

मॅडम अजिबात डगमगल्या नाहीत. "हाव, मंग? कुठं हाय ते बाण दाखवायलाय ना? तुम्ही तिथं जाऊन बघा की!"

आता तिथं, म्हणजे बसलेल्या कॉम्प्युटरमध्येच!

*

एवढं झाल्यावर मोठे सर नरमले. बिरादार सरांनी ऑनलाइन खातं उघडलं, सगळे पेपर वर चढवले. सुरक्षा कडक. उघडायचं तर मोठ्या सरांच्या मोबाइलवर ओटीपी येणार, तो टाकल्याशिवाय देवालाही पेपर दिसणार नाही.

पहिलीच मोठी परीक्षा रविवारी नांदेडला. पोरं बाकांवर, बिरादार सर कॉम्प्युटरपुढं, मी आणि मोठे सर लातूरच्या ऑफिसात. बिरादार सरांनी फोन करून सांगितलं, "सर, ओटीपी आला असंल बघा."

सरांनी खिशात हात घातला आणि त्यांचा चेहरा पडला. खात्याला दिलेला नंबर जुन्या मोबाइलचा, आणि तो त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना दिलेला. आणि वहिनी माहेरच्या लग्नाला कंधारला!

सरांनी माझ्या मोबाइलवरून त्यांना फोन लावला. मागं बँड वाजत होता.

"अगं, एक आकडा आला असंल फोनवर. तेवढा सांग."

"कोण बोलतंय?"

"अगं मी!"

"असंच म्हणतात मेले," वहिनी म्हणाल्या. "परवा पेपरात आलंय. आवाज काढतात घरच्यांचा. आकडा कुणाला सांगू नको म्हणून आमच्या मालकांनीच सांगून ठेवलंय!"

"अगं मीच सांगितलंय ना ते!"

"मंग मोडायला कामून सांगायलात?"

नांदेडला पोरं पेन वाजवत होती. सर घामाघूम. शेवटी वहिनींनाच दया आली. म्हणाल्या, "खरे असाल तर सांगा, आपल्या लग्नात कोण रुसलं होतं?"

सर तात्काळ म्हणाले, "तुझे मामा!"

"कोणते मामा?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. सर म्हणाले, "देगलूरचे."

फोन कट!

परीक्षा दुपारी झाली. लग्न लागल्यावर वहिनींनी खात्री करायला ऑफिसच्या फोनवर स्वतः फोन केला. सरांचा आवाज ओळखल्यावर पहिलं वाक्य काय, "कंधारचे मामा रुसले होते. देगलूरचे तर पंगतीतनं उठलेच नव्हते!"

*

चोरीचा किस्सा. आमच्या एका पेपरात टायपिंगची चूक होती. उतारावरून 'ब्लॉक' घसरतो, असा प्रश्न. टाइप झालं 'क्लॉक'. उतारावरून एक घड्याळ घसरतंय, त्याचं त्वरण काढा! पोरं विचारायची, "सर, भिंतीवरचं का मनगटावरचं?" पण उत्तर बरोबर यायचं, म्हणून कुणी दुरुस्त केलं नाही.

एक दिवस आमच्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका क्लासचा पेपर हाती आला. त्यात उतारावरून घड्याळ घसरत होतं!

मोठे सर पेटले. "कुठनं फुटलं? ऑनलाइन का ऑफलाइन?" बिरादार सर म्हणाले पेन ड्राइव्ह. मोठे सर म्हणाले ढग. दोघांचं दोन दिवस भांडण चाललं. शेवटी मोठ्या सरांनी त्या क्लासच्या सरांनाच फोन लावला आणि माझ्यासमोर झापझाप झापलं. "चोरायचं तर चोरा, पण निदान वाचून तरी चोरा! आमचं घड्याळ तुमच्या पेपरात कसं काय?"

पलीकडचे सर शांतपणे काहीतरी बोलले. मोठ्या सरांचा आवाज बसला. "बरं… बरं… हाव का?" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"ते घड्याळ त्यांचंच हाय म्हणाले. आपला एक मास्तर त्यांच्याकडनं आला होता ना, तो येताना सगळे प्रश्न घेऊन आला म्हणं."

"मग आता?"

सरांनी दोन्ही पेपर एकावर एक ठेवून ड्रॉवरमध्ये टाकले. मग बिरादार सरांना फोन करून म्हणाले, "बिरादार, घाबरायचं काम न्हाई. आपला एक बॅकअप कायम शेजारी असतोय!"

*

आता शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही.

मोठ्या सरांच्या आई, त्यांना सगळे आक्का म्हणायचे. भूकंपानंतर त्या सरांकडं लातूरला आल्या, पण स्लॅबखाली कधी झोपल्या नाहीत. सरांनी मोठा बंगला बांधला तरी आक्कांसाठी अंगणात पत्र्याची खोली करावी लागली. उन्हाळ्यात ती तापायची. सर म्हणायचे, आत चल. आक्का म्हणायच्या, "पत्रा पडला तर टेंगूळ येतंय, बाबा. बाकी काही होत न्हाई."

क्लासमध्ये आम्ही नवीन स्टुडिओ केला होता. सरांची लेक्चरं तिथं रेकॉर्ड व्हायची. आक्का एकदा सरांचा डबा घेऊन आल्या आणि काचेतून बघत उभ्या राहिल्या. आत सर बोर्डावर शिकवत होते आणि माझ्या पडद्यावरही शिकवत होते.

"इलास, हे भरून ठेवलेलं किती दिस टिकतं?"

"नीट ठेवलं तर कायम, आक्का."

"माणूस मेल्यावर बी?"

"हाव."

आक्का डबा ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या, त्या ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला बी भर."

सर वर्गात होते. मी माइक लावला. मागं बोर्डावर सरांची आकृती होती, ती पुसायला गेलो तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. माझ्या पोराचं अक्षर हाय."

मला वाटलं, ओवी म्हणतील, देवाचं काही सांगतील. आक्कांनी त्यांची गल्ली सांगायला सुरुवात केली. गावातली, भूकंपातली गल्ली. मारुतीच्या देवळापासून एकेक दार. पहिल्या घरातला सोनार, जो वजनात मारायचा पण पोरींच्या लग्नात डोरलं फुकट घडवायचा. पुढचं घर एका म्हाताऱ्याचं, त्याला रात्रंदिवस खोकला, त्यामुळं गल्लीत कधी चोर शिरला नाही. त्याच्या पुढं नव्यानं लग्न होऊन आलेली पोर, तिला भाकरी यायच्या नाहीत, सगळ्या गल्लीनं मिळून शिकवल्या. कोण काय खायचं, कोण कशाला हसायचं, कुणाच्या म्हशीचं नाव काय. ह्या दारातलं एकही माणूस त्या पहाटेनंतर उरलं नव्हतं. आक्का त्या दिवशी लेकीच्या बाळंतपणाला औशाला गेल्या होत्या, म्हणून राहिल्या.

त्या रडल्या नाहीत. सोनाराचं सांगताना तर पदर तोंडाला लावून हसल्या. मध्येच माझं लक्ष गेलं, तर मोठे सर दारात उभे होते. हातात मार्कर तसाच उघडा. आत आले नाहीत.

सांगत सांगत आक्का स्वतःच्या घराच्या शेजारच्या दारापाशी आल्या आणि थांबल्या.

"ही रखमा," म्हणाल्या. "बंद कर ते."

मी बंद केलं. "काय झालं आक्का?"

"हिच्या कोंबड्या माझ्या ज्वारीवर यायच्या. आमचं लई वर्सं बोलणं नव्हतं. हिचं बी सांगते, पर हिला येगळं भर. एका डब्यात आम्ही दोघी न्हाई नांदायच्या!"

मी वेगळं रेकॉर्डिंग सुरू केलं. आक्का रखमाबाईंवर बोलायला लागल्या. तिचं कुंकू कसं तिरपं असायचं, तिच्या आमटीला कसली चव होती, ती भिंतीपलीकडून मुद्दाम ऐकू जाईल असं काय काय बोलायची, आणि आक्का आजारी पडल्या तेव्हा न बोलता दारात अंडी ठेवून कशी गेली. सबंध गल्लीला लागला नाही एवढा वेळ एकट्या रखमाबाईंना लागला.

संपल्यावर मी सरांना विचारलं, "सर, हे कुठं ठेवू? ऑनलाइन का ऑफलाइन?"

सरांनी मार्करला टोपण लावलं आणि आक्कांकडं बोट दाखवलं.

मी हार्ड डिस्क पुढं धरून आक्कांना समजावलं. म्हणालो, "दोन जागा हायत. एक ही डबी, हितं कपाटात राहती. दुसरं वर जातं, ढगात."

आक्कांनी डबी हातात घेऊन बघितली. वजन केल्यासारखी वरखाली केली.

"गल्ली घाल वर," म्हणाल्या. "सगळे तिथंच हायत."

"आणि रखमाबाई?"

"तिला ऱ्हाऊ दे हितं. माझ्यापाशी." आक्का उठल्या, पदर सावरला, दारापर्यंत गेल्या आणि मागं वळल्या.

"झाकण तेवढं घट्ट लाव, इलास. लई बोलती!"